रविवारी सुट्टी घेणारा बिघाड

टोपवाले घराबाहेर पडले की दाराला बाहेरून कडी लावत, ती ओढून बघत, चार पावलं जात आणि परत येऊन पुन्हा ओढून बघत. बायको आतच असायची.

"अहो, मी घरात आहे," ती आतून म्हणायची. "मला कोंडून कुठं निघालात?"

मग ते कडी काढत आणि "आतून लाव, आणि ओढून बघ," असं बजावून कामाला निघत.

दुधाच्या पिशवीवरची तारीख ते दुकानात वाचत आणि घरी आल्यावर पुन्हा वाचत, वाटेत कुणी बदलली असेल म्हणून. बसच्या पाटीवर त्यांचा भरवसा नसे, म्हणून कंडक्टरला विचारत. आणि कंडक्टरवरही नसे, म्हणून शेजारच्या प्रवाशाला. त्यांचा मेहुणा म्हणायचा, "आमचे दाजी आरशात स्वतःचा चेहरा दिसला तरी आधी ओळखपत्र मागतील." यावर घरातले सगळे हसत. टोपवालेही हसत, पण मेहुणा आपल्याला असं का म्हणाला, याचा विचार त्यांच्या डोक्यात पुढे दोन दिवस चाले.

हा स्वभाव त्यांनी जन्मतः आणलेला नव्हता. नोकरीने तो दिला होता.

विमानतळापासून थोडं दूर, एका मोकळ्या माळावर गोल पत्र्याचं एक मोठं छत आहे आणि त्या छताच्या मधोमध पांढरा निमुळता टोप उभा आहे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, सर्कशीतला विदूषक जमिनीत पुरलाय आणि त्याची टोपी तेवढी वर राहिलीय. या टोपातून चारी दिशांना रेडिओच्या लहरी जातात. त्या ऐकून आकाशातल्या विमानाला कळतं की आपण टोपाच्या नेमक्या कोणत्या अंगाला आहोत. छताखालच्या खोलीत दोन यंत्रं असतात, एक बोलणारं आणि एक बोलायला तयार असलेलं. माळाच्या कडेला एक खांब असतो. त्या खांबाचं काम एकच, टोपावर संशय घेणं. टोपाने सांगितलेली दिशा जराशी जरी सरकली, तरी खांबावरचा कान ते पकडतो, पहिलं यंत्र बंद पाडतो आणि दुसऱ्याला उठवतो. दुसरंही चुकलं तर दोन्ही गप्प. विमानाला चुकीची वाट दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवणं बरं, असा तिथला नियम.

आणखीही एक रीत होती. टोप दिशेबरोबर आपलं तीन अक्षरी नाव टिक-टिकच्या भाषेत सतत सांगत राहतो. तंत्रज्ञाला यंत्रात हात घालायचा असला की त्याने आधी ते नाव काढून ठेवायचं. लहरी चालू, पण नाव नाही, असं ऐकू आलं की वैमानिकाने समजायचं, याच्यावर आत्ता विसंबायचं नाही. "नाव काढलं का?" हा त्या खोलीतला पहिला प्रश्न आणि "नाव घातलं का?" हा शेवटचा. इतकी वर्षं अशा जागी घालवल्यावर माणूस दाराची कडी दोनदा ओढणार नाही तर काय करणार?

टोपवाले या टोपाचे तंत्रज्ञ. भोवतालचं गवत वाढू द्यायचं नाही, माळावर कुणाला पत्र्याची टपरी टाकू द्यायची नाही, पावसाळ्याआधी सांधे बघायचे, हे सगळं त्यांच्याकडे. पण अलीकडे दिवस फिरले होते. विमानं आता आपली जागा उपग्रहांकडून विचारून घेत. टोप राहिला राखीव म्हणून, घरातल्या जुन्या कंदिलासारखा. आणि कंदील तरी का ठेवायचा, असं वरच्या कचेरीत कुणाला तरी वाटायला लागलं होतं. वर्ष संपायच्या आत टोप बंद करायचा, असं पत्रक येऊन पडलं होतं.

"उपग्रहाचा आवाज येतो किती लांबून," टोपवाले दुपारी डबा खाताना म्हणायचे. "इथं पोचेपर्यंत त्याचा श्वासही ऐकू येत नाही. शेजारी कुणी खोकलं तरी तो बुडेल."

"तुम्हाला तर माझ्या गाडीच्या हॉर्नचाही भरवसा नाही," ड्रायव्हर म्हणायचा.

ड्रायव्हर म्हणजे कचेरीच्या जीपचा ड्रायव्हर. सकाळी तोच टोपवाल्यांना क्वार्टर्सवरून माळावर सोडायचा आणि दुपारी जीपच्या सावलीत त्यांच्याबरोबर डबा खायचा. वयाने लहान, तोंडाने मोठा. त्याच्या जीपमध्ये सिगारेट लायटरच्या भोकात मोबाईल चार्ज करायचं एक निळं लुकलुकतं यंत्र खोचलेलं असे, फुटपाथवरून घेतलेलं.

"लावा की तुमचा मोबाईल. कायम मेलेला असतो," तो म्हणायचा.

"परक्या वायरीला मी माझं काही जोडत नाही."

"मग माझ्या भाजीला कसा हात लावता? तीही परकीच आहे."

"ती तुझ्या बायकोने केलेली असते. तू केली असतीस तर लावला नसता."

त्यांची ही जुगलबंदी रोजची होती. वर्षानुवर्षं चाललेली.

मग तो बिघाड सुरू झाला.

उतरायला आलेल्या विमानांना उपग्रह मधेच दिसेनासे होऊ लागले. थोडा वेळ काहीच कळायचं नाही, मग सगळं पूर्ववत. अशा वेळी वैमानिक मुकाट्याने टोपाकडे वळत आणि टोप त्यांना सरळ धावपट्टीच्या वाटेला लावून देई. माळावरच्या खोलीत वरच्या कचेरीने उपग्रहाकडून वेळ घेणारं एक घड्याळ बसवलेलं होतं. उपग्रह ऐकू येत असले की त्याचा दिवा हिरवा, नसले की लाल. दुपारी तो दिवा लाल झाला की टोपवाल्यांच्या छातीत धडधडे. ती धडधड सगळीच काळजीची नव्हती. त्या दिवसांत त्यांनी टोपाचे सांधे नव्या उमेदीने पुसले. एका वैमानिकाने "तुमचा टोप आहे म्हणून बरं," असं विमानतळाच्या मनोऱ्याला म्हटल्याचं ड्रायव्हरने येऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी ते त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

"खूश दिसताय," ड्रायव्हर म्हणाला.

"कशाला खूश होऊ? लोकांची विमानं आहेत ती."

"नाही, आज तुम्ही लोणचं मागितलंत. एरवी हुंगून परत देता."

बिघाड शोधायला वरून एक तपासनीस बाई आल्या. तरुण होत्या, बोलायला कमी. त्यांनी जीपच्या टपावर फिरता अँटेना बसवला आणि विमानतळाच्या कुंपणापासून मोजायला सुरुवात केली. लहरी कुठून येताहेत ते दाखवणारा काटा वळला तो थेट टोपाच्या माळाकडे. त्याच रेषेत, माळाच्या पलीकडे, कर्मचाऱ्यांच्या क्वार्टर्सची दुमजली इमारत होती. पण इमारतीकडे कोण बघतो? सगळ्यांना दिसला तो टोप.

विमानतळाच्या साहेबांच्या खोलीत बाईंनी शांतपणे आपलं म्हणणं मांडलं. टोपवाले, ड्रायव्हर आणि साहेब ऐकत होते.

"हा बिघाड दुपारच्या जेवणानंतर येतो आणि चहाच्या वेळेला जातो. शनिवार-रविवार येत नाही," बाई म्हणाल्या. "यंत्राला रविवार कळत नाही. माणसाला कळतो."

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम करतंय?" साहेब म्हणाले.

"मी एवढंच म्हणते की हा बिघाड सुट्टी घेतो."

शनिवार-रविवार टोपवाल्यांचीही सुट्टी असे. खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. सगळे जण एकाच वेळी आपल्याकडे बघायचं टाळताहेत, हे टोपवाल्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

मग दुसरी गोष्ट घडली. बाई दुपारी जीप घेऊन माळाकडे निघाल्या की काटा जोरात हलायचा, जीप जवळ येईल तसा आणखी जोरात, आणि ती क्वार्टर्सच्या वळणावर आली की एकदम मान टाकायचा. एकदा झालं, पुन्हा झालं, तिसऱ्या खेपेलाही तेच. क्वार्टर्समधल्या बायका-मुलं टपावरचा फिरता अँटेना बघायला गॅलरीत गोळा होत. टोपवाल्यांच्या सासूबाई सगळ्यात पुढे. गुडघ्याच्या दुखण्यापासून त्या लेकीकडेच राहायला आल्या होत्या आणि जीप दिसली की कठड्याला धरून उभ्या राहत.

"काय हो ड्रायव्हर, सापडला का तुमचा चोर?" त्या वरून विचारत.

"तुम्हीच लपवलाय म्हणतात, आजी," ड्रायव्हर खालून म्हणे.

बाई हसल्या नाहीत. "आपण निघालो हे कुणाला कळत असतं?" त्यांनी वहीतून वर न बघता विचारलं.

कळत असायचं दोघांनाच. जीप चालवणाऱ्याला, आणि जीप येणार म्हणून माळाचं फाटक उघडून ठेवणाऱ्याला.

त्या दिवशी टोपवाल्यांना जेवण गेलं नाही. लोकांचा आपल्यावर संशय आहे, हे त्यांना नवं होतं. आजवर संशय घ्यायचं काम त्यांचं. टोप बंद होऊ नये असं वाटणारा आख्ख्या विमानतळावर एकच माणूस, उपग्रह रुसले की फायदा त्याच्या टोपाचा, आणि काटाही त्याच्याच माळाकडे. दुसऱ्या कुणाबद्दल हे ऐकलं असतं तर त्यांनी स्वतःच मान डोलावली असती. आता मी नाही तर कोण, याचा विचार ते करू लागले, आणि विचार जिथे जायचा तिथेच गेला. जीपच्या त्या निळ्या लुकलुकत्या यंत्रापाशी. फुटपाथवर काय काय मिळतं. कचेरीला आपली गाडी कुठे आहे ते कळू नये म्हणून काही ड्रायव्हर उपग्रहाचा आवाज दाबणारं यंत्र खोचतात, हे त्यांनी ऐकलं होतं. हा दुपारी जीप घेऊन बहिणीकडे जातो, तेही त्यांना ठाऊक होतं. आणि लोणच्याची गोष्ट! आपण खूश आहोत हे याने इतकं बारकाईने का टिपलं?

दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले. "मी कुणाचं नाव घेत नाही," ते म्हणाले, "पण जीपमधल्या चार्जरमध्ये नक्की काय आहे, ते एकदा बघावं."

नाव घेतलं नाही, पण विमानतळावर जीप एकच होती.

बाईंनी चार्जर काढून प्लास्टिकच्या पिशवीत मोहोरबंद केला आणि तपासायला पाठवला. चौकशी होईपर्यंत ड्रायव्हरला जीपवरून उतरवून टायरच्या गोदामात बसवलं. किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवून बाहेर पडताना तो टोपवाल्यांसमोर थांबला.

"मला आधी विचारायचंत," तो म्हणाला. "वायर तोडून दाखवली असती तुम्हाला."

टोपवाल्यांनी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या. सगळ्या जागेवर होत्या.

आणि आश्चर्य म्हणजे त्याच दिवसापासून बिघाड थांबला. दुपारमागून दुपार गेली, दिवा हिरवाच. साहेब म्हणाले, "टोपवाले, नजर आहे बुवा तुमची." बाईंनी सामान बांधायला घेतलं. क्वार्टर्समध्ये ड्रायव्हरच्या बायकोशी बोलणं बायकांनी कमी केलं. टोपवाले दुपारी एकटेच डबा खाऊ लागले, खोलीत, दार लावून. त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. जीपमधलं यंत्र असतं तर जीप जाईल तिकडे बिघाड गेला असता. काटा एकाच दिशेला कसा राहिला? शिवाय बिघाड गेला तो फारच आज्ञाधारकपणे. पण सगळ्या जगाला जे पटलं होतं, त्यात त्यांची सुटका होती. त्यांनी त्या पालीला आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसवलं.

याच दिवसांत एक साधी गोष्ट घडली होती आणि तिच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. ड्रायव्हरला उतरवलं त्याच दिवशी सासूबाई काही दिवसांसाठी मुलाकडे गेल्या होत्या.

त्या परत आल्या त्या दिवशी टोपवाले माळावर होते. दुपारी बायकोचा फोन आला.

"आई पोचली. जेवली. प्रवासाने दमलीय, पण झोपायला तयार नाही. तिची मालिका चुकलीय इतके दिवस. टीव्हीपुढे बसलीय."

"बरं," टोपवाले म्हणाले आणि सवयीने दिव्याकडे बघितलं.

दिवा लाल होता.

ते फोन कानाला लावून दिव्याजवळ गेले. मग म्हणाले, "टीव्ही बंद कर."

"काय?"

"भिंतीवरचं बटण बंद कर. आत्ता."

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, लाइट गेली की काय म्हणून. थोड्याच वेळात दिवा हिरवा झाला.

"आता लाव."

"अहो, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"लाव."

दिवा लाल.

"आता बंद कर."

"आई म्हणतेय, जावईबापूंना सांग, मला टीव्ही बघायचाय, व्यायाम करायचा नाही."

दिवा हिरवा. टोपवाले खुर्चीवर बसले.

सासूबाई राहायला आल्या तेव्हा क्वार्टर्समध्ये चित्र नीट दिसत नसे. इमारत माळाच्या उताराआड होती. सिग्नल वाढवणारा बूस्टर बाजारात मिळत होता, पण बाजारातल्या वस्तूत काय भरलेलं असतं कुणास ठाऊक, म्हणून टोपवाल्यांनी स्वतःच्या हाताने एक तयार केला होता. जुन्या रेडिओतले सुटे भाग, चांगला डबा, सांध्यांना सोल्डरिंगचा नीट डाग दिलेला. तो त्यांनी गॅलरीच्या वर अँटेनाला बसवला आणि त्याची वीज टीव्हीच्याच बटणावर घेतली, उगीच जळायला नको म्हणून. चित्र लख्ख आलं. सासूबाई जो भेटेल त्याला जावयाचं कौतुक सांगत सुटल्या होत्या. आणि त्या डब्यातला एखादा सांधा अलीकडे सैल पडला असणार. सभेत माइक कर्ण्यासमोर आला की तो स्वतःचाच आवाज ऐकून किंचाळायला लागतो, तसा तो बूस्टर स्वतःशीच किंचाळत होता. माणसाच्या कानाला ऐकू न येणारी ती किंचाळी उपग्रहांच्या क्षीण आवाजावर जाऊन बसत होती. मालिका सोमवार ते शुक्रवार, दुपारी. आणि जीप आली की सासूबाई ती बघायला उठत. उठताना टीव्ही बंद करत, कारण माणूस समोर नसताना वीज जाळणं त्यांना पाप वाटे.

चोर कुणाच्या इशाऱ्याने पळत नव्हता. तो गॅलरीत येऊन तपास बघत होता.

टोपवाले घरी आले ते पक्कड हातात घेऊन. स्टुलावर चढले. तार हातात धरली. कापली की झालं. बिघाड जन्मात परत येणार नव्हता. आजची किंचाळी घटकाभराचीच. कुणी विचारलंच तर वादळी हवा म्हणता येईल. त्यांनी पक्कड तारेला लावली आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. बिघाड परत आलाच नाही, तर तो ड्रायव्हरबरोबरच गेला असं ठरणार. चार्जर निर्दोष निघाला तरी लोक म्हणतील, याने खरं यंत्र आधीच कुठेतरी फेकलं.

बायको खाली स्टूल धरून उभी होती. जे काय होतं ते त्यांनी तिला वरूनच सांगितलं.

"मग कापा ना," ती म्हणाली. मग जरा थांबून, "नाही, नका कापू."

"नाही कापलं तर माझी पाळी आहे. टोप वाचवायला मीच केलं असं म्हणतील. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं."

"केलंत का तुम्ही?"

या प्रश्नाने टोपवाले हडबडले. दिवा लाल झाला की आपल्याला बरं वाटायचं, हे त्यांना आठवलं. खोलीतल्या दोन्ही यंत्रांवर, खांबावर, जीपवर, लोणच्यावर संशय घेणारा माणूस. त्याने एवढा एक डबा कसा सोडला? आपल्या हाताचा म्हणून? की कुठेतरी आत ठाऊक होतं आणि बघायचं नव्हतं? त्यांनी स्वतःला उलटंपालटं करून तपासलं. ठामपणे काही सांगता येईना.

"मुद्दाम नाही केलं," ते शेवटी म्हणाले.

"मग खाली उतरा. त्याची बायको नळावर माझ्या शेजारी उभी राहते. मी तिच्याशी काय बोलू रोज?"

ते उतरले. तार तशीच ठेवली. मग त्यांनी बाईंना फोन केला.

"तुमचा बिघाड माझ्या घरात आहे," ते म्हणाले. "मी त्याला हात लावलेला नाही. उद्या दुपारी या. जीपने येऊ नका. चालत या."

बाई दुसऱ्या दिवशी चालत आल्या. हातात छोटा अँटेना, पिशवीत मोजायचं यंत्र. सासूबाई टीव्हीपुढे बसल्या होत्या. लेकीने त्यांना एवढंच सांगितलं होतं की काही झालं तरी उठायचं नाही.

"ये, बस," त्या बाईंना म्हणाल्या. "ही जी निळ्या साडीतली आहे ना, तिच्यावर सगळ्या घराचा डोळा आहे. तिने काही केलेलं नाही बरं का. पण मी इथून ओरडून कोण ऐकणार?"

बाईंनी अँटेना खोलीभर फिरवला. काटा गॅलरीकडे वळला आणि वर जाऊन टेकला. त्यांनी टीव्ही बंद करायला सांगितला. काटा पडला.

"अगं, मुलगी टीव्हीकडे बघतच नाही," सासूबाई लेकीला म्हणाल्या. "भिंतीकडेच बघतेय मघापासून."

बाई गॅलरीत आल्या. टोपवाले तिथे हात मागे बांधून उभे होते.

"हा तुम्ही केलेला आहे."

"हो."

"टोप बंद होणार हे माहीत असताना."

"पत्रक त्याआधी आलं होतं. हो."

"आणि तुम्ही ड्रायव्हरकडे बोट दाखवलंत."

"हो."

बाईंनी तो डबा जवळून बघितला. डाग खरोखरच सुबक होते. "मग हे चुकून झालं, असं मी का मानावं?"

"मानू नका," टोपवाले म्हणाले. "तपासा. मीही तेच केलं असतं."

बाईंनी डबा उतरवून घेतला, पिशवीत घातला, मोहोर लावली. त्या दिवसापासून टोपवाल्यांनी माळावर पाऊल ठेवायचं नाही, असा आदेश आला. सासूबाईंना ते काही केल्या समजेना.

"म्हणजे नोकरीवरून काढलं का तुम्हाला, जावईबापू?"

"काढलं नाही, आई. टोपात हात घालताना आम्ही त्याचं नाव काढून ठेवतो. तसं माझं काढून ठेवलंय."

"आणि माझा टीव्ही?"

"तो मुंग्या दाखवतोय, तेवढ्याच बघा."

चार्जर निर्दोष म्हणून परत आला. ड्रायव्हर जीपवर रुजू झाला. टोपवाले त्याच्या घरी जायचं म्हणून दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा नळापासून परतले. आणि मग वरच्या कचेरीत चौकशी लागली तेव्हा त्यांना तिथे न्यायला जीप आली. स्टेअरिंगवर तोच. शहराची वाट नेहमी अर्ध्या तासाची वाटायची, ती त्या दिवशी संपता संपेना.

चौकशीचा निकाल तिथल्या तिथे सांगितला गेला. मुद्दाम केल्याचा पुरावा नाही, निष्काळजीपणा आहे. नोकरी राहील, टोप राहणार नाही. म्हणजे टोपवाल्यांकडे राहणार नाही. टोप स्वतः मात्र राहणार होता. उपग्रह आंधळे झालेल्या त्या सगळ्या दुपारी विमानं कशाच्या आधाराने उतरली, हे वरच्या लोकांनीही वाचलं होतं. बंद करायचं पत्रक मागे घेतलं होतं. "त्याचा तुमच्याशी संबंध जोडू नका," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. टोपवाल्यांनी जोडला नाही. त्यांची रवानगी टायरच्या गोदामात झाली होती.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने विचारलं, "कुठं टाकलं?"

"गोदामात."

"खिडकीशेजारची खुर्ची मोडकी आहे. दुसरी घ्या." मग काही वेळाने, "पंखाही आवाज करतो. संशय घेऊ नका, तो तसाच आहे."

टोपवाले समोर बघत होते. "मी तुला विचारायला हवं होतं," ते म्हणाले.

"हवं होतं."

एवढंच. जीप वळणावर आली. लांबवर माळ दिसला, गवत जरा वाढल्यासारखं वाटलं. टोपवाल्यांनी मान वळवून घेतली. ड्रायव्हरने पुढचा कप्पा उघडून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि त्यांच्या मांडीवर टाकली. मोहोर तशीच होती. आत निळा चार्जर.

"अजून फोडली नाही. म्हटलं, तुमच्या समोरच फोडावी. बघा तपासून."

टोपवाल्यांनी पिशवी फोडली. चार्जर उजेडात धरला, उलटा केला, पाठीवरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा पुढे ओढला. सवयच ती. मग त्यांच्या लक्षात आलं की ड्रायव्हर रस्ता सोडून त्यांच्याकडे बघतोय.

त्यांनी चष्मा मागे सारला. चार्जर लायटरच्या भोकात खोचला, तो लुकलुकायला लागला. मग खिशातून आपला मेलेला मोबाईल काढला आणि वायर त्याला लावली. लागली की नाही हे बघायला त्यांनी ती ओढून बघितली. एकदाच.